मिरीच्या वेलावर वाढलेले शहर

वाचकहो, तुमच्या घरच्या मिसळणाच्या डब्यात काळी मिरी असेलच. पडसे झाले की काढ्यात चार दाणे टाकायचे, सणाला मसालेभातात टाकायचे. याहून तिचा अधिक विचार आपण करत नाही. पण याच दाण्यांसाठी पोर्तुगीज, डच आणि इंग्रज एकामागून एक समुद्र ओलांडून आले, आणि तिघांनीही ज्या बंदरावर पाळीपाळीने ताबा मिळवला ते केरळातले कोची. गेल्या माघात मी तिथे चार दिवस राहून आलो. पाहण्याजोगे पुष्कळ आहे. पण आम्ही पडलो शेतीखात्यातली माणसे, नजर फिरून फिरून पिकाकडेच जाते. तेव्हा शहर पाहू, पण शेतकऱ्याच्या नजरेने पाहू.

जायचे कोकण रेल्वेने. मुंबईकडून निघालात तर एक दिवस आणि एक रात्र गाडीतच जाते. खिडकीबाहेर माड, पोफळी, भाताची खाचरे. सावंतवाडीपर्यंत जे दिसते तेच पुढेही दिसते, फक्त माडांची दाटी वाढत जाते. उतरायचे एर्नाकुलमला. हे नवे शहर, मुख्य जमिनीवरचे. जुने कोची, म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, हे खाडीपलीकडे. पूल आहे, पण तुम्ही बोटीने जा. २०२३ पासून बॅटरीवर चालणारी झकपक वॉटर मेट्रोही निघाली आहे. मला विचाराल तर सरकारी जुनी बोटच बरी. शाळेची पोरे, कामावर निघालेल्या बाया, कुणाची भाजीची पिशवी, असा सगळा गाव तुमच्याबरोबर पाणी ओलांडतो.

वाटेत एक मोठे बेट लागते, विलिंग्डन बेट. हे माणसाने केलेले आहे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा मोठा दांडा होता, त्यामुळे मोठी जहाजे बाहेरच थांबत. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज इंजिनिअर तिथे आला. त्याने तो दांडा फोडला, तळाचा गाळ उपसला आणि त्याच गाळाचे हे बेट केले. आपण तळ्यातला गाळ शेतात नेऊन टाकतो, तसाच प्रकार, पण केवढ्या मापाचा!

मुळात हे बंदर झाले तेच एका पुरामुळे, असे मानतात. त्याआधी मिरीचा व्यापार उत्तरेला कोडुंगल्लूरजवळच्या मुझिरिस बंदरातून चाले. रोमन लोकांची गलबते तिथवर येत. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिसचे तोंड गाळाने बुजले आणि इकडे कोचीला समुद्राची वाट मोकळी झाली. नदीने पात्र बदलले की एकाची जमीन जाते आणि दुसऱ्याला मळई मिळते, हे नदीकाठच्या वाचकांना सांगायला नको.

फोर्ट कोचीला उतरल्यावर पहिल्यांदा दिसतात ती चिनी जाळी. काठावर सागवान आणि बांबूचा भला मोठा सांगाडा, त्याला टांगलेले खोलगट जाळे, आणि मागच्या टोकाला दोरांनी बांधलेले मोठे दगड. जाळे पाण्यात सोडायचे, थोडा वेळ थांबायचे, मग चार-सहा माणसांनी दोर ओढायचे. दगडांच्या वजनाने जाळे वर येते. आपल्याकडे पूर्वी विहिरीवर आडव्या लाकडाला मागे दगड बांधून पाणी काढत, तीच युक्ती. मी पाहत होतो तेव्हा तीन खेपांत मिळून ओंजळभर मासळी आली. आता त्यांची कमाई मासळीपेक्षा फोटो काढणाऱ्यांवर अधिक चालत असावी असे वाटले.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला आणि इथेच त्याला पुरले. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. जागा दाखवतात, पाहून घ्या. छताला दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे आहेत. ओढणारा बाहेर उन्हात बसे आणि वारा आतल्यांना लागे.

पण खरे कोची मट्टनचेरीच्या गोदामांत आहे. रस्त्याला लागताच सुंठ, वेलदोडा आणि मिरीचा वास नाकात भरतो. बरीच गोदामे आता जुन्या वस्तूंची दुकाने नाहीतर चहा-कॉफीची ठिकाणे झाली आहेत, तरी काही अजून चालू आहेत. याच भागात १९५७ साली मिरीचा वायदेबाजार सुरू झाला. दलाल एका दालनात जमून ओरडून सौदे करत आणि तिथला भाव दूरवरच्या देशांत ऐकला जाई. आता तशा आरोळ्या होत नाहीत.

भावाची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगितली पाहिजे. मिरी पिकते ती कोचीत नव्हे, मागच्या डोंगरात, परसातल्या आणि बागेतल्या झाडांवर चढवलेल्या वेलींना. पोर्तुगीजांनी १५०३ च्या सुमारास इथे किल्ला बांधला आणि मिरीचा भाव करारात बांधून घेतला. पुढे कित्येक वर्षे तो भाव हलू दिला नाही. बाकी सगळे महागले, मिरी तिथेच. मग झाले काय? बंदरावर ओली, वाळू-माती मिसळलेली मिरी येऊ लागली. पोर्तुगीज त्याबद्दल तक्रारी लिहीत बसले. आणि चांगला माल बैलांच्या पाठीवर घाट ओलांडून पूर्वेकडे जाऊ लागला, कारण तिकडे पैसे अधिक मिळत. १६६३ साली डचांनी कोची घेतली आणि त्यांनीही राजाकडून तोच मक्ता लिहून घेतला. पिकवणाऱ्याला न विचारता ठरवलेल्या भावाला पिकवणाऱ्याने दिलेले हे उत्तर होते. इतिहासाच्या पुस्तकात लढायांची पाने पुष्कळ असतात, या उत्तराला एखादी ओळ मिळते.

आज जगात सर्वांत जास्त मिरी व्हिएतनाम पिकवतो, आणि भाव पाडला जातो तो त्या मालाकडे बोट दाखवून. अशा वेळी मालाची प्रत हाच शेतकऱ्याचा आधार. एका गोदामात मी मिरीची चाळणी पाहिली. सव्वाचार मिलिमीटरच्या चाळणीवर जो दाणा राहतो तो ‘तेल्लिचेरी’ नावाने वरच्या भावाला जातो. खाली पडतो तो साधा. वेल कदाचित एकच असेल! शिवाय एक लिटर मापात किती ग्रॅम मिरी बसते तेही पाहतात. साडेपाचशे ग्रॅम भरली तर माल चांगला, पोकळ दाणा असला तर वजन घसरते.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बागायतदारांनी, ज्यांच्या माडा-पोफळीवर मिरीचे वेल आहेत, एवढे ध्यानात ठेवावे. घोसातला एखाद-दुसरा दाणा तांबडा झाला की घोस काढावा. दाणे सोडवून, टोपलीत घालून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवावेत आणि मग स्वच्छ चटईवर वाळवावेत. रंग एकसारखा काळाभोर येतो आणि वाळतेही लवकर. शंभर किलो ओल्या मिरीची तेहतीस-पस्तीस किलो होते. घाईने ओली विकून वजन वाढवल्यासारखे वाटते, पण व्यापारी हात लावताच ओळखतो. आणि भगिनींनो, बाजारातून आणलेली मिरी पाण्यात टाकून पाहा. पोकळ दाणे आणि भेसळीचे पपईचे बी वर तरंगते.

मट्टनचेरीत आपल्या ओळखीचा आवाजही कानी पडतो. सोळाव्या शतकात गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचामुळे निघालेली कोकणी कुटुंबे इथे राजाच्या आश्रयाला आली. चेरलाई भागात त्यांचे तिरुमल देवस्थान आहे. तिथल्या दुकानदाराशी मी मराठीत बोललो, तो कोकणीत, आणि आमचे निम्म्याहून अधिक जमले. यांच्यातल्याच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांनी, तसेच इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने, डच अधिकारी व्हान ऱ्हीडला मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करायला मदत केली. ‘हॉर्टस मलबारिकस’ हे त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. पहिल्या खंडात त्या तिघा वैद्यांचे नागरी लिपीतले पत्र आहे. कॉलेजात आम्ही त्या ग्रंथाचे नाव घोकले होते, या तिघांची नावे मात्र कुणी सांगितली नव्हती.

ज्यूंचे १५६८ सालचे प्रार्थनामंदिरही इथेच आहे. शनिवारी ते बंद असते. १९४८ साली इस्राएल झाल्यानंतर पुढच्या काळात इथली बहुतेक ज्यू कुटुंबे तिकडे गेली.

एक दिवस मात्र शहराबाहेर काढा आणि वैपिन किंवा कडमक्कुडीकडे पोक्काळी भाताची शेती पाहा. भरतीचे खारे पाणी शिरते अशा खाचरांतले हे भात. पावसाळ्याच्या तोंडाशी मातीचे ढीग करतात, पावसाने त्यांतले मीठ धुऊन जाते, मग त्यावर रोप धरतात. रोप छातीएवढे वाढते. कापणीला पाण्यात उभे राहून फक्त लोंब्या कापायच्या, पेंढा तिथेच कुजू द्यायचा. भात निघाले की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याच खाचरांत कोळंबी. कोळंबीला पेंढ्याचा आसरा आणि खाद्य, आणि पुढच्या भाताला तिचे खत. विकतचे खत नाही. फिलिपाइन्सच्या भात संशोधन केंद्राने खारेपणा सोसणाऱ्या जातींसाठी याच पोक्काळीचा गुण घेतला. आपल्या पनवेलच्या खारजमीन केंद्रानेही खारेपाटासाठी पनवेल १, २, ३ या जाती दिल्या आहेत, त्या लावणाऱ्यांना हे खाचर पाहून नवल वाटणार नाही, पण भातामागून कोळंबी हा हिशेब जरूर विचारून यावा.

दुःखाची बाब अशी, की पोक्काळीचे क्षेत्र फार घटले आहे. कमरेएवढ्या चिखलात उतरायला मजूर मिळत नाहीत आणि वर्षभर नुसती कोळंबी केली तर पैसा लवकर सुटतो. २००८ साली या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. तांदूळ तांबूस, जाड, चवीला गोडसर. मी दोन किलो आणला. घरी पेज केली, आणि आमच्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मागितली.

जाल तर मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत जा. जूनला पाऊस लागला की तिथे छत्रीचाही उपयोग होत नाही.