अकरा महिने आणि एक कुत्रा

आमची आजी लग्नाच्या मांडवात शिरली की आधी पंगतीकडे बघायची. पैसे कमी असले की ते मांडवावर घालू नयेत, जेवणावर घालावेत, असं तिचं ठाम मत होतं. ज्यांनी उलटं केलं त्यांची नावं तिला वीस वर्षांनीसुद्धा पाठ असायची. :) कमी पैशात केलेल्या गेमकडे मी तसाच बघतो. पैसे कमी होते, मान्य. मग जे होते ते कुठे घातले?

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमचे भाचेबुवा. वय सव्वीस, पुण्यात बरी नोकरी. दोन मित्रांबरोबर ती सोडून गेम बनवायचा विचार चालू आहे. गेम कुठला, तर ॲक्शन आरपीजी. (नातेवाईक मंडळींसाठी: यात आपण एक योद्धा घ्यायचा, तळघरात उतरायचं, राक्षस मारायचे, त्यांच्या अंगावरून पडलेल्या तलवारी नि नाणी गोळा करायची, जास्त ताकदवान व्हायचं आणि आणखी खाली उतरायचं. बास.) त्यांनी एक सोळा पानी फाईल केली आहे आणि तिच्यात एक नाव तीनदा येतं, 'टॉर्चलाइट'. अकरा महिन्यांत केला, वीस डॉलरला विकला, दहा लाखांच्या वर खपला. ताईने ती फाईल मला पाठवली आणि फोनवर म्हणाली, "तू जन्मभर हेच करत आलायस ना, मग आता तूच सांग याला काही अर्थ आहे का." मी हे कौतुक समजायचं ठरवलं.

तर गेले तीन आठवडे रात्री जेवणं झाली की मी 'टॉर्चलाइट' पुन्हा खेळतोय.

हा गेम २००९च्या ऑक्टोबरात आला. सिएटलच्या रूनिक गेम्सने केलेला. तेव्हा मोठे गेम पन्नास-साठ डॉलरला मिळायचे, त्यात हा वीसला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने नऊशे-साडेनऊशे रुपये. गोष्ट दोन ओळींत संपते. टॉर्चलाइट नावाचं खाणीवर जगणारं गाव, खाणीत एंबर नावाचं जादूचं खनिज, त्या खनिजाने बिघडलेला आल्रिक नावाचा एक विद्वान, आणि सगळ्यात खाली ऑर्ड्राक नावाचा महाराक्षस. गावातल्या मंडळींशी जे बोलणं होतं ते मी आता वाचतसुद्धा नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, खाली जा आणि अमुक आण. योद्धे तीनच, डिस्ट्रॉयर, व्हँक्विशर आणि अल्केमिस्ट. त्यांचा चेहरा बदलता येत नाही, बाई हवी की बुवा तेही निवडता येत नाही. म्हणजे मांडव साधाच. चार खांब आणि एक कापड.

आता पंगत.

पहिल्या पाच मिनिटांत कळतं की पैसे कुठे गेलेत. हातोडा मारला की राक्षस नुसता पडत नाही, उडतो. भिंतीवर आपटतो. माठ फुटतो, त्यातून नाणी बाहेर पडताना जो खळ्ळकन आवाज येतो त्यासाठी मी रस्ता वाकडा करून कोपऱ्यातले माठ फोडत जातो. हे सांगायला सोपं आहे, पण करणं फार कठीण. मी पाचपट खर्चाचे गेम पाहिलेत ज्यांत तलवार लागते आणि लागल्यासारखी वाटत नाही. उशीवर झाडू मारल्यासारखं. इथे माऊसच्या प्रत्येक क्लिकचा जाब समोरून मिळतो.

चित्रंही तशीच. खरीखुरी माणसं दाखवायचा प्रयत्नच नाही. जाड मनगटांची, मोठ्या खांद्यांची, चित्रकथेतल्यासारखी माणसं, ब्रशने रंगवल्यासारखे दगड. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे साध्या मशीनवर गेम चालला. त्यात नेटबुकसाठी वेगळी सोयच होती (नेटबुक आठवतात का? चिमुकल्या कीबोर्डवर टंकताना शेजारची दोन अक्षरं हमखास दाबली जायची). आणि दुसरी म्हणजे तो म्हातारा झाला नाही. त्याच साली आलेले, खऱ्या माणसांसारखी माणसं दाखवणारे गेम आज बघवत नाहीत, मेणाचे पुतळे वाटतात. हा अजून तसाच. पूल ओलांडताना खाली बघा, खोल अंधारात आणखी कमानी आणि जुनी यंत्रं दिसतात, जिथे आपण कधी जाणार नसतो. कमी पैशात खोली दाखवायची याहून चांगली युक्ती मी पाहिलेली नाही. आणि पडद्याचं सॉफ्टवेअर? ते त्यांनी शून्यापासून लिहिलंच नाही. 'ओग्र' नावाचं सगळ्यांना फुकट मिळणारं ग्राफिक्स इंजिन घेतलं. (भाचेबुवा, तुमच्या फाईलमध्ये पान ७ वर "स्वतःचं इंजिन" असं लिहिलंय. यावर आपण बोलू.)

आणि मग कुत्रा. मांजरही घेता येते, पण मी कुत्रेवाला.

असल्या गेममधलं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे हमाली. पिशवी भरली की गावात जा, सामान विका, परत या. दर पंधरा मिनिटांनी हेच. 'टॉर्चलाइट'मध्ये नको असलेलं सामान कुत्र्याच्या पाठीवर टाकायचं आणि एक बटण दाबायचं. तो एकटा गावात जातो, सामान विकतो, मिनिट-दोन मिनिटांत पैसे घेऊन येतो. तोवर आपण खाली लढत असतो, आणि तो नसताना लढाई थोडी जड जाते, म्हणजे त्याला कधी पाठवायचं हाही एक डाव झाला. फार मार बसला तर तो मरत नाही, पळून जातो आणि सावरून परत येतो. वाटेत डबकं लागलं की गळ टाकून मासे पकडता येतात आणि ते कुत्र्याला घातले की तो थोडा वेळ भलत्याच कसल्यातरी प्राण्याचं रूप घेतो. परवा माझा कुत्रा कोळी झाला होता. बायकोने नेमकं तेव्हाच मागून पाहिलं. असो.

यातलं काहीही महाग नाही. तुमचा वेळ कशात वाया जातो हे कुणीतरी शेजारी बसून बघितल्याशिवाय असला कुत्रा सुचत नाही, एवढंच.

आता दोष, कारण ताईने कौतुक करायला सांगितलेलं नाही. एकट्यानेच खेळायचा गेम आहे हा. २००९ साली यावरून लोक वैतागले होते आणि ते बरोबरच होतं, कारण असली लूटमार चार मित्रांबरोबर करण्यात जी मजा आहे ती एकट्याने नाही. ती सोय 'टॉर्चलाइट २'मध्ये, २०१२ साली आली. साध्या पातळीवर खेळलात तर गेम फार सोपा आहे, माझा डिस्ट्रॉयर निम्म्या वाटेवरच इतका बलदंड झाला की राक्षसांची दया यायला लागली. तेव्हा सुरुवातच अवघड पातळीवर करा. आणि मजले पस्तीस! खाण, थडगी, तुरुंग, लाव्हा, दर काही मजल्यांनी देखावा बदलतो, पण करायचं तेच. विसाव्याच्या पुढे मला दोनदा डुलकी लागली. नकाशे दर वेळी नव्याने जुळवलेले असतात खरे, पण तुकडे तेच, ओळखीचे व्हायला लागतात. गावात एक मंतरून देणारा बसतो, पैसे घेऊन तलवारीची ताकद वाढवतो, आणि मधूनच कधीतरी मंत्र उलटून तलवारीतली सगळीच जादू नाहीशी होते. हा सरळसरळ मटक्याचा अड्डा आहे आणि शेवटच्या दहा मजल्यांत माझ्यासारख्याला जागं ठेवायचं काम तोच करतो. ही जेवणातली खोट. आमटी संपत आली म्हणून पाणी घातलंय.

ऑर्ड्राक मेला की तुमच्या योद्ध्याला रिटायर करता येतं. एक वस्तू वारशाने पुढच्या पिढीला द्यायची, आणि ती देताना तिची ताकद वाढते. मला ही कल्पना फार आवडते. पण ती इथली नाही. २००५ साली 'फेट' नावाचा असाच एक लहानसा गेम आला होता, बराचसा ट्रॅव्हिस बाल्ड्री या एकाच माणसाच्या हातचा. वारशाची वस्तू त्यात होती, मासे पकडणं त्यात होतं, आणि सामान घेऊन गावात जाणारा कुत्राही त्यात होता. बाल्ड्री पुढे रूनिकच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि कुत्रा त्याच्याबरोबर आला. म्हणजे खुद्द कुत्राच वारशाचा निघाला की! :)

इथेच मी फाईलमधल्या त्या "अकरा महिने" या शब्दांवर थांबलो.

रूनिकचे दुसरे दोन संस्थापक मॅक्स आणि एरिक शेफर. नव्वदच्या दशकातला 'डायाब्लो' आणि २००० सालचा 'डायाब्लो २' ज्यांनी घडवले त्यांच्यातले हे दोघे भाऊ. आजचा जवळजवळ प्रत्येक ॲक्शन आरपीजी या दोन गेमचं देणं लागतो. संगीतकार मॅट उएलमन, तोही 'डायाब्लो'वालाच. टॉर्चलाइट गावात शिरताना जी गिटार वाजते ती ऐकून जुन्या लोकांच्या पोटात कालवतं ते उगीच नाही. आणि रूनिकची बरीचशी टोळी त्याआधी फ्लॅगशिप स्टुडिओज नावाच्या कंपनीसाठी 'मिथॉस' नावाचा ऑनलाइन गेम करत होती. २००८ साली ती कंपनी बुडाली. 'मिथॉस' लोकांनी खेळून बघण्यापर्यंत आला होता, त्याचे हक्क कोरियातल्या एका कंपनीकडे गेले. वर्षानुवर्षांचं काम हातातून गेलं. उरलं काय, तर ती माणसं आणि त्यांना झालेली सवय. त्यांनी त्याच वर्षी नवी कंपनी काढली आणि अकरा महिन्यांत 'टॉर्चलाइट' केला.

म्हणजे अकरा महिने ही फक्त शेवटची वाफ. डाळ दहा-बारा वर्षं शिजत होती.

भाचेबुवांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, म्हणजे करू नको म्हणतोस?" मी तसं म्हणत नव्हतो. मी म्हणत होतो की ती सोळा पानं अकरा महिन्यांवर उभी आहेत, आणि तुम्हा तिघांकडे दीड वर्षाची बचत आहे. तुमचा 'फेट' कुठाय? तुमचा बुडालेला 'मिथॉस' कुठाय? त्याने मला कॉलेजात केलेला एक गेम पाठवला. एकच तळघर, एकच राक्षस, कागदी चित्रं. मी तो दोन रात्री खेळलो. राक्षस लागल्यासारखा लागतो. हे मी भाचा म्हणून म्हणत नाहीये.

बाकी ताईच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग, पोटापाण्याचा. पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. २०१० साली परफेक्ट वर्ल्ड या चिनी कंपनीने रूनिकचा मोठा हिस्सा घेतला. 'टॉर्चलाइट २' पहिल्यापेक्षाही चांगला झाला. २०१४ साली बाल्ड्री आणि एरिक शेफर बाहेर पडले, दोघांनीच मिळून अंतराळातला 'रेबेल गॅलेक्सी' केला. आणि २०१७च्या नोव्हेंबरात रूनिक बंद झाली, 'हॉब' नावाचा नवा गेम येऊन दोन महिनेही झाले नव्हते. दहा लाख प्रती खपलेल्या कंपनीची ही गोष्ट आहे. बाल्ड्री पुढे ऑडिओबुकं वाचायला लागला आणि २०२२ साली 'लेजंड्स अँड लाटे' या कादंबरीने नावाजला गेला. कादंबरी कशावर, तर तलवार खुंटीला टांगून कॉफीचं दुकान काढणाऱ्या एका ऑर्क बाईवर!

सध्या ठरलंय ते असं. नोकरी डिसेंबरपर्यंत राहील. सोळा पानांची चार झाली आहेत. योद्धे पाचावरून दोनावर आले, मजले चाळीसवरून आठवर. स्वतःचं इंजिन रद्द. त्या आठ मजल्यांत हमाली कोण करणार यावर तिघांचं जोरदार भांडण चालू आहे, एकाला गाढव हवंय आणि एकाला घार. डिसेंबरात पहिले दोन मजले मला खेळायला देणार आहेत, आणि ताईलासुद्धा.

ता.क. : ताई, तुला माऊसची फक्त दोन बटणं लागतील. सरावासाठी 'टॉर्चलाइट'च खेळ, बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर सहज चालेल. पातळी "इझी" ठेवलीस तरी कुणी हसणार नाही. आणि कुत्र्याला नाव देता येतं, तेव्हा आपल्या वाड्यातल्या मोत्याचं दे. मी तेच दिलंय.