थंडीआधीची काढणी

कॅल्गरी, 16 सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

बागेत अजून काय काय आहे, असं तू विचारलंस. आज संध्याकाळनंतर फारसं काही उरणार नाही. रात्री पारा शून्याखाली जाणार आहे. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, म्हणजे दव गोठणार हे नक्की. तुमच्याकडे वेण्णा लेकवर दव गोठलं की पेपरात फोटो येतो. इथे गोठलं की काकडी, घेवडा, भोपळ्याचा वेल एका रात्रीत काळा पडतो. मेअखेर लावायचं आणि सप्टेंबरच्या मध्याला आवरायला घ्यायचं, एवढाच हंगाम. 2014 मध्ये तर 8 सप्टेंबरलाच बर्फ सुरू झाला आणि पानांनी भरलेली झाडं ओझ्यानं मोडली.

त्यामुळे इथे पिकवण्याइतकंच कधी काढायचं ते कळावं लागतं. झाडावर लाल होईल म्हणून टोमॅटोची वाट बघत बसलं, तर हाती काही लागत नाही. पूर्ण वाढलेला हिरवा टोमॅटो जरा पांढरट दिसू लागला की तोडायचा. खोक्यात वर्तमानपत्रावर एकेरी थर लावायचा, मध्ये एक पिकलं केळं ठेवायचं; आपली आंब्याची आढीच म्हण ना. रोज हात फिरवून नासके वेचायचे. अगदी कोवळे राहिले त्यांची तुझ्यासारखी दाण्याचं कूट घालून चटणी करते.

गाजरांना मात्र आज हात लावणार नाही. थंडी लागली की त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि त्या साखरेमुळेच ती लवकर गोठत नाहीत. ऑक्टोबरात उपटलेलं गाजर खाल्लं की ऑगस्टचं पाणचट वाटतं. बटाट्याचा पाला करपला तरी बटाटे दोन आठवडे मातीतच राहू देते. साल घट्ट झाली की हिवाळाभर टिकतात.

आणि काढणी संपली तरी हात मोकळे होत नाहीत. जमीन गोठण्याआधी लसूण लावायचा असतो. पाकळीचं टोक वर, त्यावर वाळक्या पानांचा जाड थर. थंडी खाल्ली नाही तर गड्डा पाकळ्या धरत नाही. तुमचाही लसूण ऑक्टोबरातच लागतो, पण तो उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. आमच्याला ऑगस्ट उजाडतो.

तेव्हा तिकीट काढशील ते ऑगस्टचंच काढ. जूनमध्ये आलीस तर नुसती माती बघावी लागेल, आणि सप्टेंबरात आलीस तर माझ्याबरोबर राबावं लागेल.

तुझी,
सुमा