भीड नसलेला साक्षी

खोट्या आंकड्याची एक खूण आहे: तो फार शहाण्यासारखा वागतो. गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत आहें, आणि प्रयोगवह्या तपासतांना या खुणेनें मला सहसा दगा दिलेला नाहीं. लंबकाच्या आंदोलनांचीं पांच वाचनें दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत एकसारखीं आलीं, तर खुशाल समजावें कीं लंबक हाललाच नाहीं. हालली ती केवळ लेखणी. उत्तर आधीं ठरलें आणि वाचनें मागाहून जन्मास आलीं. खरीं वाचनें थोडीं विस्कळितच असतात. या अपराधाकडे हसून पाहण्याची आम्हां शिक्षकांत वहिवाट आहे. एखादा गुण कापला जातो, सही होते आणि चहाची वेळ गांठतां येते. त्यांत कोणाचें काय बिघडतें?

काय बिघडतें, याचा विचार मनांत आला तो एका जलशुद्धीकरण केंद्रांत. तेथें अभियंता असलेला माझा एक जुना विद्यार्थी मला तें केंद्र दाखवावयास घेऊन गेला होता. दिवस पावसाळ्याचे. नदीचें चहाच्या रंगाचें पाणी आंत येत होतें. तुरटीनें त्यांतला गाळ तळाशीं बसत होता, वाळूच्या थरांतून पाणी गाळलें जात होतें आणि अखेरीस त्यांत क्लोरीन मिसळत होता. तुरटीचा गुण आपल्या आज्यांनाही ठाऊक होता. त्याचें मला नवल वाटलें नाहीं. नवल वाटलें तें मापनाचें. गाळलेल्या पाण्यांतून एक प्रकाशकिरण सोडलेला असतो. पाण्यांत सूक्ष्म कण असले तर प्रकाश विखुरतो, आणि किरणाशीं काटकोन करून बसविलेला यंत्राचा डोळा तो विखुरलेला प्रकाश मोजतो. गढूळपणाचा हा आंकडा १ च्या आंत असावा अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. आपल्या डोळ्यांना मात्र ३ आंकड्याचें पाणीही नितळच दिसतें! दुसरें यंत्र शिल्लक क्लोरीन मोजतें. घातलेल्या क्लोरीनपैकीं कांहीं भाग पाण्यांतील घाणीशीं झुंजण्यांत खर्ची पडतो; जो उरतो तोच आपल्या नळापर्यंत पहारा करीत येतो. नळापाशीं तो लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम तरी असावा लागतो.

"सर, याला भीड नाहीं," यंत्राकडे बोट दाखवून विद्यार्थी म्हणाला. "साहेब आले म्हणून हा आंकडा सुधारून घेत नाहीं, आणि पहांटे तीन वाजतां डुलकीही घेत नाहीं."

या भीड नसण्याची किंमत काय, हें कॅनडाच्या ऑंटॅरिओ प्रांतांतील वॉकर्टन या लहानशा गांवाला विचारावें. तेथील पाणीपुरवठ्याच्या माणसांनीं रोज शिल्लक क्लोरीन मोजून नोंदावा असा नियम होता. ते बहुधा मोजीत नसत. लिहीत मात्र असत. दिवसामागून दिवस तेच आंकडे, ०.५ किंवा ०.७५. मे २००० मध्यें मुसळधार पाऊस झाला आणि शेणखतांतले विषारी जंतू एका उथळ विहिरींत उतरले. क्लोरीन अपुरा पडला. परंतु वहींतला आंकडा ठणठणीत होता. सात माणसें दगावलीं आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडलीं. न्यायमूर्ति डेनिस ओ'कॉनर यांनीं चौकशीअंतीं २००२ सालीं स्पष्ट म्हटलें कीं, त्या विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा अखंड मोजणारीं यंत्रें असतीं तर हा अनर्थ टळला असता.

त्या नोंदी करणारीं माणसें कोणी राक्षस नव्हतीं. विहिरीवरचें क्लोरीन न घातलेलें पाणी तीं स्वतः पीत असत, इतका त्यांचा त्यावर भरंवसा होता. पाणी चांगलें आहे हें उत्तर त्यांच्या मनांत आधींच ठरलेलें होतें. मग वाचन घेण्याचे श्रम कशाला? हेंच मला भयंकर वाटतें. दुष्टाव्याचा बंदोबस्त करतां येतो. खात्रीचा कसा करावा?

म्हणून यंत्राची पूजा मांडावी असेंही नव्हे. सांडपाण्याच्या केंद्रांत जंतूंकडूनच घाण खाववितात, आणि त्यांना हवा पुरते कीं नाहीं हें पाण्यांतील प्राणवायु मोजून ठरवितात. त्या मापकावर शेवाळी थर धरला तर तो थरच प्राणवायु खातो. यंत्र कमी आंकडा दाखवितें आणि हवेचे पंप उगाच धापा टाकीत राहतात. यंत्रही चुकतें. मात्र कोणाला बरें वाटावें म्हणून तें चुकत नाहीं. त्याचा डोळा पुसावयाला आणि ठराविक मूल्याच्या द्रावणाशीं त्याचा आंकडा ताडून पाहावयाला माणूसच लागतो; आणि तें केल्याची नोंद पुन्हां एका वहींतच होते.

ती वही मी मागून घेतली. पानांवर पाण्याचे डाग होते, दोन शायांचीं अक्षरें होतीं, एके ठिकाणीं खाडाखोड होती. आंकडे कोठें किंचित् वर, कोठें खालीं. एका ओळींत एवढेंच होतें: "कांचेवर थर. पुसला. पुन्हां मोजलें." आपण घरीं तांब्या तोंडाला लावतों, तो अशा ओळींच्या भरंवशावर.