वजाबाकीतले आजोबा

आमच्या घराण्याला लष्करी परंपरा आहे, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. कळवलं नानानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं. आमचं कुलसंमेलन भरायचं होतं, आणि संमेलन म्हटलं की स्मरणिका आलीच. नानानं विषय वाटून टाकले. कुलदैवत वहिनींना, पाककृती काकूंना आणि 'आपली लष्करी परंपरा – चार पाने' मला. मी जन्मभर बँकेत काउंटरमागे बसलो. मारा म्हणजे काय ते फक्त पहिल्या तारखेला, पेन्शनरांच्या तोंडून अनुभवलेलं. पण नाना म्हणाला, "तू रिटायर आहेस." या युक्तिवादाला निवृत्त माणसाकडे उत्तर नसतं.

परंपरा म्हणजे एकटे आमचे आजोबा. ते १९१४ च्या लढाईत गेले होते, एवढं पक्कं. पुढचं ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे. थोरल्या काकांच्या मते त्यांनी जर्मनांशी तलवारीनं दोन हात केले. धाकट्या काकूंच्या मते ते बसऱ्याहून पिशवीभर मोती घेऊन आले आणि ती पिशवी थोरल्या जावेकडे गेली.

आजोबांना मी पाहिलं होतं. मी पाचवीत असताना ते गेले. वेल्ह्याकडच्या घराच्या ओसरीवर बसून ते एकच गोष्ट सांगायचे, "कूटला आमी अडाकलो व्हतो. तवा आभाळातनं जातं पडलं." आम्हां पोरांना कूट ठाऊक ते शेंगदाण्याचं. त्यात माणूस अडकतो कसा? आणि वरून पुन्हा जातं? सगळी ओसरी हसायची. गावानं त्यांचं नावच 'जातंबुवा' ठेवलं होतं. पुढे त्यांनी ती गोष्ट सांगायचं सोडून दिलं.

मी आधी कागदांच्या मागे लागलो. "कागद होते रे!" असं प्रत्येकानं सांगितलं. पुण्यातले कागद १९६१ साली पानशेतच्या पुरात गेले होते. त्या पुराचे पुण्यातल्या कित्येक घराण्यांवर उपकार आहेत. ज्यांच्याकडे कधीच सनदा नव्हत्या, त्यांच्याही सनदा त्या दिवशी वाहून गेल्या. आता पानशेत हे वेल्ह्यातलंच. म्हणजे आमच्याच तालुक्याचं पाणी आमचे कागद न्यायला पुण्यापर्यंत आलं म्हणायचं! भोरच्या पाहुण्यांनी तर भाटघरच्या जलाशयाकडे बोट केलं आणि म्हणाले, "जुनं घर ह्याच्या तळाशी. घ्या शोधून."

मग कचेऱ्या. एका कचेरीत मी 'वेल्हे' असं लिहिलं. कारकून म्हणाला, "आता राजगड म्हणायचं." मी राजगड लिहिलं. तो म्हणाला, "पण तेव्हा हे भोर संस्थानात होतं. संस्थानाला विचारा." संस्थान विलीन झालं १९४८ साली. आता कोणाला विचारायचं? दुसरीकडे विचारलं तर प्रश्न आला, "धारातीर्थी कुठे पडले?"

"कुठेच नाही. घरी, अंथरुणावर गेले. १९६६ साली."

"मग कसे सापडतील? आमच्याकडे मेलेल्यांची यादी असते."

जिवंत परत येण्यात एवढा तोटा असतो, हे आजोबांना कोणी आधी सांगायला हवं होतं. अर्थात मेलेल्यांची तरी काय ऐट! बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. तिथे साहेबांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा दिला. पंजाबातल्या तीन लाखांवर शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या, असं वाचलं तेव्हा क्षणभर वाटलं, आजोबांनी तोरण्याच्या पायथ्याऐवजी लाहोरला जन्म घेतला असता तर माझी चार पानं भरली असती.

शेवटी ग्रंथालय गाठलं. तिथे ते 'कूट' सापडलं. कुत-अल्-अमारा, इराकमध्ये, टायग्रिसच्या काठी. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिथे जनरल टाउनशेंडच्या फौजेला वेढा घातला. फौजेचं नाव सहावी पूना डिव्हिजन, आणि तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. पुणेकरांना कोंडून उपाशी ठेवलं तरी ते १४७ दिवस 'हो' म्हणाले नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सेनापतीसाहेबांची सोय इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात झाली. शिपायांना उन्हातून चालवत नेलं, आणि जे उरले त्यांतल्या पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपलं.

पुढचं वाचताना मात्र मी खुर्चीतून उठलोच. वेढ्यात धान्य सापडलं होतं, पण दळायला साधन नव्हतं. म्हणून इंग्रजांनी विमानातून जात्याचे दगड टाकले.

आभाळातनं जातं पडलं होतं!

काकांची तलवार खोटी, काकूंचे मोती खोटे. घराण्यातली एकच गोष्ट खरी, आणि तिलाच आम्ही हसलो.

दुसऱ्याच दिवशी चेलाडी फाट्यावरून गावी गेलो. देवळाच्या भिंतीत एक दगड आहे. लहानपणी आम्ही त्याच्यावर चेंडू मारत होतो. त्यावर दोन आकडे. या गावातून महायुद्धात इतकी माणसं गेली, पैकी इतकी कामास आली. नाव एकाचंही नाही. मी वरच्या आकड्यातून खालचा वजा केला. बँकेतली सवय. बाकी जी उरली, तीत कुठेतरी आमचे आजोबा होते.

आत्या नव्वदीच्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्या पहाटं दळाया बसले की आबा उठून दारात यायचं. जात्याकडं बघत हुबं ऱ्हायचं. पिठाची चिमूट उचलून तोंडात टाकायचं. मला वाटायचं, म्हातारपणी खोड लागली." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आन् आमी हसायचो रं."

परत येऊन नानाला मजकूर दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

"हे अर्धं पान आहे. चार सांगितली होती. आणि तलवार कुठाय?"

"तलवार पानशेतच्या पुरात गेली," मी म्हणालो. "जातं तेवढं वाचलं."