पाठीवरची हवा

भाड्याचं जॅकेट कधीच आपल्या अंगाचं नसतं. तारकर्लीला स्कूबा शिकताना मला मिळालेलं बीसीडी चांगलं दोन नंबर मोठं होतं. होडीत पट्टे आवळले की ठीक वाटायचं, पण पाण्यात उतरून हवा भरली की ते कानांपर्यंत वर चढायचं आणि मी आत खाली लोंबकळत राहायचो. कोर्स संपून प्रमाणपत्राचं कार्ड हातात पडलं तेव्हा पहिलं ठरवलं ते हे, की आता बीसीडी स्वतःचं घ्यायचं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीसीडी म्हणजे सिलिंडर पाठीवर धरून ठेवणारा पट्ट्यांचा साज आणि त्यात बसवलेली हवेची पिशवी. डाव्या खांद्यावरून आलेल्या नळीचं बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत जाते, दुसरं बटण दाबून किंवा दोरी ओढून ती बाहेर सोडता येते. बुडायचं नाही, वरही यायचं नाही, मधेच स्थिर राहायचं, हे जमतं ते या पिशवीच्या आणि आपल्या श्वासाच्या जोरावर.

आमच्या गावात, देवणीत, हे कुणाला समजावायचं म्हणजे कठीणच. बापूंनी किंमत ऐकली आणि म्हणाले, “एवढ्या पैशात गोऱ्हा येतोय की.” चुकीचं नव्हतं. ज्या गावाच्या नावानं गायीबैलांची जात ओळखली जाते तिथं पैशाचं माप असंच असणार. शेजारच्या काकांनी मात्र आवाज खाली आणून विचारलं, “विहिरीतनं बॉडी काढायला का?” आमच्याकडे माणूस पाण्याखाली जाण्याचं दुसरं कारण सहसा नसतं.

दुकानदाराकडे दोन प्रकार होते. एक नेहमीचं जॅकेट, ज्यात हवा कमरेभोवती आणि काखेखाली भरते. दुसरा बॅकप्लेट आणि विंग: पाठीवर धातूची सपाट पाटी, तिला एकसलग पट्टा, आणि पाटी व सिलिंडर यांच्यामधे हवेची पिशवी. ही दुसरी तऱ्हा फ्लोरिडातल्या गुहांमध्ये उतरणाऱ्यांनी रुळवली. गुहेत तळाचा गाळ एकदा उसळला की परतीची वाट दिसत नाही, म्हणून त्यांना अंग आडवं आणि पाय वर हवे होते. दुकानदार म्हणाला, विंगमध्ये पाण्याखाली मजा आहे, पण वर आल्यावर ती तोंड पुढे ढकलते.

हे मला सांगायची गरज नव्हती. मी पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला आधी वाळका भोपळा आणि नंतर झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन बांधून. पाय मारत राहिलं तोवर झकास, थांबलं की नाक पाण्यात. पाठीवरच्या हवेचा हा स्वभावच आहे. उपायही तिथंच शिकलो होतो: मान मागे टाकायची, अंग थोडं मागे रेलायचं. विंगला तेच करायचं, आणि वर आल्यावर ती गच्च भरायची नाही, डोकं नीट बाहेर राहील इतकीच.

मालवणच्या पाण्यात पुष्कळदा काही मीटरपलीकडचं दिसत नाही. तिथं उभ्या अंगानं पोहणारा एक जण फिन्सनं वाळू उडवतो आणि मागच्या सगळ्यांचा डाइव्ह वाया जातो. तळाच्या प्रवाळांना लाथा बसतात ते वेगळंच. माझा कल विंगकडे झुकला तो यासाठी.

मग प्रश्न किती मोठी घ्यायची. विकणारे मोठी पिशवी म्हणजे जास्त सुरक्षित असं सांगतात, ते मला पटत नाही. हिशेब सोपा आहे. 11 लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये 200 बारला अडीच किलोच्या आसपास हवा असते. 50 बार राखून वर येईपर्यंत त्यातली दोनएक किलो आपण ओढलेली असते, म्हणजे सुरुवातीला तेवढं वजन जास्तीचं. शिवाय 3 मिलिमीटर जाडीच्या वेटसूटच्या रबरातले बुडबुडे खोलीवर दबतात. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ते निम्मे होतात आणि सूट तरंगवायचं काम सोडू लागतो. तिथं आणखी एक-दोन किलो धरा. बुडण्यासाठी कमरेला लावायचं शिसं मोजून बांधलं असेल तर पाण्याखाली पिशवीला चारेक किलोच उचलायचे असतात. तेरा किलो उचलणारी विंग वर आल्यावरही पुरून उरते. मोठ्या पिशवीत हवा इकडून तिकडे फिरते, आणि वर येताना तीच हवा फुगत जाते. वेळेत सोडली नाही तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो.

शिशाचंही तसंच. गोड्या पाण्याच्या तलावात बेतलेलं वजन समुद्रात कमी पडतं, कारण खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड. माझ्यासारख्याला सामानासकट दोन किलो वाढवावे लागतात.

हलक्या, घडी होणाऱ्या ट्रॅव्हल बीसीडीची शिफारस बऱ्याच जणांनी केली. ती विमानानं जाणाऱ्यांसाठी. मी लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत एसटीनं जातो. तिथं सामानाच्या किलोंवर कुणी काटा लावून बसत नाही. उलट अडीच किलोची स्टीलची पाटी घेतली तर कमरेच्या पट्ट्यातलं तेवढं शिसं कमी होतं. तीच घेतली.

दुकानात वेटसूट घालून सगळं अंगावर चढवलं. जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह फुसफुसेपर्यंत पिशवी भरून खोल श्वास घेतला; छाती आवळली नाही. डोळे मिटून प्रत्येक दोरी हाताला लागते का पाहिलं. घरी आणून फुगवली आणि रात्रभर खुंटीला टांगली. सकाळी तशीच टणक होती.

देखभालीचा विचार आमच्या भागात जरा वेगळा करावा लागतो. मीठ आत सुकलं तर त्याचे खडे होतात, इन्फ्लेटरचं बटण अडकतं आणि पिशवी आपोआप भरत राहू शकते. म्हणून आतूनबाहेरून गोड्या पाण्यानं धुवायची. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या जिल्ह्यात बादल्याच्या बादल्या ओतणं जिवावर येतं. मी मालवणातच धुऊन निघतो. गादीच्या अस्तरांचं जॅकेट पाणी धरून ठेवतं, विंग लवकर वाळते. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत मात्र ठेवायची नाही, आणि उन्हातही नाही. आमची विंग धान्याच्या कणग्यांमागे, थोडी हवा भरून असते.

उदगीरचा माझा मित्र आता विचारतोय, मीही हेच घेऊ का. त्याला मी जॅकेट सांगितलं. तो वर्षाकाठी एखाद्या खेपेला येतो, होडीची वाट बघत पाण्यावर गप्पा मारायला त्याला आवडतं, आणि कंबर दुखते म्हणून स्टीलची पाटी त्याला नकोच. शिवाय थंडी फार वाजते म्हणून 5 मिलिमीटरचा सूट घालतो, तेव्हा त्याच्या शिशाचा आणि पिशवीचा हिशेब मुळातून वेगळा मांडावा लागेल. रविवारी वही घेऊन ये म्हटलंय.