शुक्रवारचा वास

कूलंटचा वास ज्यांच्या घरात येत होता त्यांना तो सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात येत नव्हता त्यांना सांगून कळेलच असं नाही. लेथवर लोखंड कापताना हत्यार तापू नये म्हणून त्यावर जी पांढरी धार सोडतात, ते कूलंट. मूळ तेलच, पण पंधरा-वीस पट पाण्यात कालवलं की दुधासारखं दिसतं. वास किंचित तेलकट, किंचित साबणी. त्यात तापलेल्या लोखंडाचा, वेटोळ्या चिप्सचा, पुसायच्या चिंध्यांचा वास मिसळला की भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही गाळ्याच्या दारात थबकावं. बाबांच्या खाकी शर्टाला तो होता. शर्ट धुतला तरी होता. डब्याच्या पिशवीला, मफलरला, ते ज्या कुशीवर झोपत त्या बाजूच्या उशीला. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांना असा वास येतो. आमच्या चाळीत तो बहुतेकांना येतही होता.

शुक्रवारचा वास मात्र वेगळा.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुटी गुरुवारची. विजेचा भार एकाच दिवशी सगळीकडे पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार वाटून दिले गेले, आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी मशिनं बंद, पंप बंद, टाकीतलं कूलंट निपचित. वर तेलाचा तवंग धरतो, खाली हवा पोचत नाही, आणि हवेवाचून जगणारे जंतू तेवढ्या वेळात तिथे संसार थाटून नासक्या अंड्यांचा वास सोडतात. शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला पंप सुरू झाला की तो गाळाभर सुटायचा. त्या दिवशी बाबा घरी आले की आई उंबऱ्यातूनच सांगायची, "आधी मोरीत जा."

पण शुक्रवारचा वास म्हणजे काल गुरुवार होता, एवढाच माझ्या लेखी त्याचा अर्थ. शाळेला सुटी रविवारची आणि बाबांना गुरुवारची. आम्ही घरी असू तेव्हा ते लेथवर, ते घरी असतील तेव्हा मी वर्गात. दुपारी परत यावं तर दत्ताचा वार म्हणून साबुदाण्याची खिचडी, माझा वाटा झाकून ठेवलेला, आणि घरात काहीतरी गुपचूप दुरुस्त झालेलं. गळका नळ थांबलेला. पंख्याची खरखर गेलेली. कंपासपेटीतल्या कर्कटकाचा सैल स्क्रू असा घट्ट बसलेला, की वर्तुळ काढताना हात जरा जपूनच फिरवावा लागे. मी नसताना ते घरात काय करत असतील, याचं मला फार कुतूहल वाटायचं. विचारलं मात्र कधी नाही. खंडेनवमीला तेवढं बायकापोरांना गाळ्यात बोलावत. लेथला झेंडूचे हार, व्हर्नियरला हळदकुंकू, हातावर पेढा. पण त्या दिवशी मशीन धुऊनपुसून लखलखीत केलेलं असे. बाबांचा वास नेमका त्याच दिवशी गाळ्यात नसायचा.

हे सगळं मला आठवलं ते स्टुटगार्टमध्ये.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाआधी जर्मनीतल्या 'डाड'ची शिष्यवृत्ती मिळाली, एका सत्रापुरती. ही संस्था १९२५ सालची. तिच्या पैशावर कितीक मुलं देशोदेशी जाऊन आली, त्यात मी एक. जर्मन शिकायला चिंचवडहून लोकल पकडायची, पुणे स्टेशनला उतरून बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जायचं आणि रात्रीच्या लोकलमध्ये दापोडी-कासारवाडीच्या अंधारात क्रियापदं पाठ करत परतायचं. स्टुटगार्टचं मुंबईशी १९६८पासून भगिनी-शहराचं नातं आहे म्हणे. असेल. मला ते भोसरीचं नातलग वाटलं. रॉबर्ट बॉशनं १८८६मध्ये आपलं छोटं वर्कशॉप थाटलं ते इथेच, आणि जी मर्सिडीज १९९५पासून आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात आणि २००९पासून चाकणला जुळू लागली, तिचंही घर हेच. पण त्या घराला वास म्हणून नव्हता. रस्ते धुतल्यासारखे, डोंगरउतारावर द्राक्षाचे मळे, आणि जिन्यात कुणाच्या तरी दारावर पाटी लटकलेली, की या आठवड्याची झाडलोट तुमची. ऑक्टोबर सरला तसा उजेड आखडत गेला. डिसेंबरात साडेचारलाच दिवेलागण. अशा संध्याकाळी माणूस नाकानं काहीतरी शोधत राहतो.

रविवारी सगळं शहर मिटून जायचं. दुकानं बंद, ड्रिल चालवायला बंदी, काचेची बाटली कचऱ्याच्या पेटीत टाकायचीसुद्धा मनाई. मळ्यांमधल्या वाटांवरून मात्र माणसं हिंडत असत, आणि त्यात बाप फार. खांद्यावर पोर घेतलेले, सायकल धरून मागे पळणारे, मुलीच्या बुटाची नाडी बांधायला चिखलात गुडघा टेकलेले. मी बघत राहायचे. इतके बाप एका दिवशी घराबाहेर मी पाहिलेच नव्हते.

आणि मग एका सोमवारी सकाळी, विद्यापीठाच्या फायहिंगेनच्या आवारात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातला जुना लेथ कुणीतरी सुरू केला. पंप घरघरला, धार आली, आणि तिच्यासोबत तो आला. नासका, गंधकी, ओळखीचा. शेजारच्या मुलीनं नाकाला रुमाल लावला. मला मात्र भडभडून आलं, आणि एवढ्या घाणेरड्या वासानं डोळ्यांत पाणी यावं याचं हसूही आलं.

दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवायच्या वेळी घरी चहाची वेळ असते. बाबांना फोन लावला.

"सोमवारी?" ते म्हणाले. "म्हणजे सुटी रविवारची त्यांना."

"हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना, बाबा. दुकानंपण बंद."

पलीकडे चहाचा एक घोट वाजला.

"मग पोरं आणि बाप एकदमच घरी असतील गं."

मी हो म्हटलं. मळ्यातल्या वाटांचं सांगणार होते, पण ते तिथे थांबलेच नाहीत. थांबायचा त्यांचा स्वभाव नाही. लगेच विचारलं, तवंग काढतात की नाही. शनिवारी निघताना काढायचा, आणि एअर लाईनची एक बारीक नळी टाकीत सोडून ठेवायची, बुडबुडे येत राहिले की नासत नाही. तिथल्या मास्टरला सांग म्हणाले, नीट सांग, उद्धटपणे नको.

मग, "तेल कुठलं वापरतात?"

संध्याकाळी मी प्रयोगशाळेत परत गेले, कॅन फिरवला आणि त्यावरचं लेबल फोनवर अक्षर-अक्षर वाचून दाखवलं.

"हं," बाबा म्हणाले. "आपल्याकडे मिळतं ते. महाग पडतं."