आधी घडी, मग डाख

मी कला शाखेचा विद्यार्थी. इतिहास हा माझा विषय. विमानाच्या इंजिनावरील झडपांबद्दल मी लिहायला बसलो आहे हे पाहून आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल आणि मित्रांना हसू येईल. परंतु गेले आठ महिने माझे बहुतेक रविवार या झडपांपायी गेले, आणि त्यांच्याच निमित्ताने माझ्या हातून एक गोष्ट अशी घडली की ती लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून हा प्रपंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आबा, म्हणजे माझे वडील, पत्र्याचे काम करतात. कोल्हापुरात एका बोळाच्या तोंडाशी त्यांचे दुकान आहे. पूर्वी तिथे बादल्या, नरसाळी, पेट्या होत. प्लॅस्टिक आले आणि ते काम गेले. आता पन्हळी, शेगड्या, हॉटेलांची धुराडी यांवर भागते. कॉलेजच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी मी त्यात 'व्यापार' असे लिहिले होते. ते खोटे म्हणता येणार नाही, आणि खरेही म्हणता येणार नाही.

फीला हातभार म्हणून मी संध्याकाळी लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतो. तिथेच काकांची ओळख झाली. काका एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते पितळेची बारीक नळी आणि पोलादी तार शोधत आले होते. मी जे होते ते काढून दिले आणि सहज विचारले, "कशासाठी हवी?" काका म्हणाले, "विमानासाठी." मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पुढच्या रविवारी त्यांच्या गॅरेजात गेलो आणि दारातच थबकलो. आत अडीच मीटर पंखांचे निळे विमान उभे होते!

ते होते कॉर्सेअर या अमेरिकन लढाऊ विमानाचे मॉडेल. खरे विमान १९४० साली प्रथम उडाले. त्याचे पंख साडेबारा मीटर लांब. मॉडेल बरोबर एकपंचमांश. हाती रेडिओचा खोका घेऊन माणूस जमिनीवर उभा राहतो आणि विमान आकाशात गिरक्या घेते. एप्रिल १९४४ मध्ये ब्रिटिशांच्या 'इलस्ट्रियस' या विमानवाहू नौकेवरून याच जातीची विमाने सुमात्रालगतच्या सबांग बंदरावरील हल्ल्यात गेली होती, हे काकांनी सांगितले तेव्हा माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. मग काकांनी विमानाच्या नाकावर बोट ठेवले. "इथे झडपा हव्यात. उघडणाऱ्या. माझे हात आता थरथरतात. करशील?"

या झडपा कशाला असतात, ते थोडक्यात सांगतो. कॉर्सेअरच्या खऱ्या इंजिनात अठरा सिलिंडर दोन रांगांत वर्तुळाकार मांडलेले होते आणि त्याची ताकद सुमारे दोन हजार अश्वशक्तीची होती. हे इंजिन पाण्याने नव्हे, वाऱ्याने थंड होई. सिलिंडर उघडे ठेवले तर ते वाऱ्याला फार अडवतात. त्यांच्याभोवती नीट घडवलेले टोपण बसवले की अडथळा खूप कमी होतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९२८ च्या सुमारास दाखवून दिले. आता टोपणात वारा पुढून शिरतो. त्याला मागून वाटही हवी. ही वाट लहानमोठी करण्यासाठी टोपणाच्या मागच्या कडेला पाकळ्यांसारख्या झडपा बसवतात. विमान जमिनीवर असते किंवा चढत असते तेव्हा वेग कमी आणि इंजिनावर ताण जास्त. तेव्हा वैमानिक झडपा उघडतो. उघड्या पाकळ्यांमागे हवेचा दाब उतरतो आणि आतली तापलेली हवा बाहेर ओढली जाते. विमान सरळ वेगाने जाऊ लागले की झडपा मिटायच्या. फार मिटल्या तर इंजिन भाजते, फार उघडल्या तर वेग जातो. कॉर्सेअरच्या माथ्यावरच्या झडपांतून तेल उडून वैमानिकाच्या काचेवर येई, म्हणून त्या वरच्या झडपा पुढे बंदच करून टाकल्या. तेव्हा आम्हीही वरचा आणि खालचा भाग स्थिर ठेवून दोन्ही बाजूंना पाच-पाच, अशा दहा झडपा करायचे ठरवले.

मी "करतो" म्हणालो खरे. परंतु काम हाती घेतल्यावर एकामागून एक अडचणी पुढे आल्या.

पहिली अडचण बिजागरीची. टोपण गोल, अठ्ठावीस सेंटिमीटर व्यासाचे. झडप सहा सेंटिमीटर रुंद. गोल पत्र्याला गोल कडेवर बिजागरी लावली तर ती हलतच नाही, कारण बिजागरीचा कणा सरळच लागतो. सहा सेंटिमीटरांत त्या गोलाईला मध्ये तीन मिलिमीटरांचा फुगवटा येतो आणि तेवढ्यात सगळे अडकते. दुसरी अडचण फटींची. झडपेची मागची कड दोन सेंटिमीटर वर उचलली की वर्तुळ मोठे होते, पण पत्रा तेवढाच राहतो. प्रत्येक दोन झडपांमध्ये साडेआठ मिलिमीटरांची फट पडे आणि विमानाचे नाक दात पडलेल्या तोंडासारखे दिसे. तिसरी अडचण दोरीची. दहाही झडपांतून एक बारीक दोरी ओवून ती छोट्या मोटरने ओढायची, अशी माझी योजना. प्रत्येक वळणावर दोरी घासली जाई. मोटरजवळची झडप पटकन मिटे आणि शेवटची तशीच आ वासून राही. त्यातच मी वापरलेल्या ॲल्युमिनियमला डाख धरेना आणि चिकटवलेले सांधे निखळू लागले.

तीन रविवार असे फुकट गेले. चौथ्या शनिवारी रात्री मी घरात दिव्याखाली तुकडे मांडून बसलो होतो. आबा जेवून हात पुसत जवळ आले.

"काय करायलाईस?"

मी सांगितले. त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडात फिरवला.

"ह्यो पत्रा टाकून दे. तेलाच्या डब्याचा घे, त्याला डाख बसतोय. आन् गोल जागंला बिजागरी गोल नसतीया. कणा सरळ घाल, फुगवटा पत्र्याला दे. म्होरच्या टोपणाची कड वर ठेव, झडपंची कड तिच्या पोटात घाल. पन्हळीला पत्र्यावर पत्रा कसा चढवतो? पाणी ज्या वाटंनं येतंय तिकडचा पत्रा वर. वारा म्हंजे पाणीच की."

"आणि फटी?"

"हर झडपंच्या एका अंगाला पट्टी डाख. शेजारणीच्या पोटाखाली सरकंल. उघडली की पट्टी दिसंल, मिटली की गायब."

मी वहीत लिहून घेऊ लागलो, तसे ते हसले. दोरीची अडचण सांगितल्यावर मात्र ते गप्प बसले. मग उठून माळ्यावरून एक जुना वातीचा स्टोव्ह घेऊन आले. घरोघरी गॅस आल्यापासून असले स्टोव्ह दुरुस्तीला येईनासे झालेत. त्यांनी त्याची दांडी फिरवली. दहाच्या दहा वाती एकदम वर आल्या.

"एकेक वात वडत बसतंय का कोण? समद्या एका चकतीला बांधलेल्या हाईत. चकती सरकली की समद्या संगं."

अर्धा तास मी तो स्टोव्ह वरखाली करत राहिलो. इंग्रजी मासिकांतल्या आकृत्या पाहून जे मला उलगडले नव्हते, ते आमच्या माळ्यावर धूळ खात पडले होते.

त्यानंतर महिनाभर रात्री दुकानाचे दार ओढून घेऊन आम्ही बापलेक कामाला बसत होतो. इंजिनामागे प्लायवूडचे एक कडे, तीन दांड्यांवर पुढेमागे सरकणारे. कड्यापासून प्रत्येक झडपेच्या आतल्या कानापर्यंत तारेचा आखूड दुवा. कडे मागे गेले की दहाही झडपा उघडत, पुढे आले की मिटत. कडे तिरके होऊ नये म्हणून दोन्ही अंगांना दोन मोटरी. आबा प्रत्येक बिजागरीच्या नळीवर आधी पत्र्याची कड वळवून घेत, ठोकून बसवत आणि मगच डाख देत. मी विचारले, "डाख आहे ना, मग घडी कशाला?" ते म्हणाले, "भार घडीनं धरायचा असतोय. डाख नुसती फट बुजवतोय. आधी घडी, मग डाख." शेवटच्या दोन झडपा मी एकट्याने केल्या. घाई होती, म्हणून घडी न घालता नुसता डाख दिला. दिसायला त्या इतरांसारख्याच होत्या.

काकांना काम दाखवले तेव्हा ते खुर्चीतून उठले. खटका दाबला की दहा पाकळ्या एकदम उमलत होत्या. "हे डोके तुझे?" त्यांनी विचारले. मी काहीच बोललो नाही. "आणि डाख कुणाकडून मारून घेतलास?" माझ्या तोंडून निघून गेले, "आहेत गावात एक पत्रेवाले."

असे का म्हणालो? आजही नेमके सांगता येत नाही. काकांच्या कपाटात इंग्रजी पुस्तके होती, भिंतीवर नकाशे होते, आणि तिथे मी 'कॉलेजचा हुशार मुलगा' होतो. ती जागा मला सोडवली नाही.

जानेवारीत एका रविवारी गावाबाहेरच्या माळावर विमान उडाले. झडपा उघड्या ठेवून ते धावले, चढले, आणि वर गेल्यावर काकांनी त्या मिटल्या. दहा-बारा माणसे जमली होती. काका प्रत्येकाला सांगत होते, "या मुलाने केल्या. बी. ए. करतो आहे, पण इंजिनिअरला लाजवील." विमान उतरले तेव्हा एक झडप लोंबत होती. इंजिनाच्या थरथराटाने तिचा सांधा सुटला होता. ती माझ्या दोहोंपैकी एक होती.

काका म्हणाले, "त्या पत्रेवाल्यांना एकदा घेऊन ये. इथेच दुरुस्त करू."

मी घरी निरोप दिला. आबांनी धुतलेला सदरा घातला, हत्यारांची पिशवी घेतली. वाटेत मी दोनदा बोलण्यासाठी तोंड उघडले आणि दोनदा मिटले. काका फाटकातच उभे होते.

"हेच का रे तुझे पत्रेवाले?"

आबांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. मी खाली बघितले. त्यांनी हात जोडले. "व्हय साहेब. हे पोरगं येतंय आमच्या दुकानात. चांगलं हाय."

तासभर ते काम करत होते आणि मी बाजूला उभा होतो. मला ते 'तुमी' म्हणत होते. "तुमी जरा ती पक्कड द्या." काकांनी विचारले, "ही निसटली कशी?" आबांनी सांधा बघितला. त्यात घडी नाही हे त्यांना क्षणात कळले असणार. "घाईत ऱ्हायली साहेब. माझ्याच हातनं." मग दुसरी झडप कोणती, हे मला न विचारताच त्यांनी शोधून काढले आणि तिचीही घडी घातली. काकांनी पाचशे रुपये दिले, ते त्यांनी खिशात ठेवले. परत येताना एवढेच म्हणाले, "साहेबाचा चहा लई ग्वाड हुता."

त्या रात्री मला झोप आली नाही. त्यांनी मला एक शब्द सुनावला असता तर बरे झाले असते.

पुढच्या रविवारी मी काकांना सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला सांगितलेस ते ठीक. पण तू फसवलेस ते मला नव्हे."

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात गेलो. आबा पन्हळीचा पत्रा वाकवत होते. मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी काकांकडं मी चुकलो." त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय. ते टोक धर. आन् अंगठा आत घालू नगंस, कापंल."

मी टोक धरले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन पन्हळी पुऱ्या केल्या. मधल्या काळात दोघेही फारसे बोललो नाही.

विमान आता नियमित उडते. झडपा एकदाही निखळल्या नाहीत. आबा दोनदा माळावर येऊन गेले. दुसऱ्या खेपेला काकांनी जमलेल्या मंडळींना त्यांची ओळख करून दिली, तेव्हा ते अवघडून गेले आणि विमानाच्या मागे जाऊन उभे राहिले.

या वर्षीचा परीक्षेचा अर्ज मी गेल्या आठवड्यात भरला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'पत्र्याचे काम' असे लिहिले आहे. अक्षर जरा मोठे आले, रकान्याबाहेर गेले. कार्यालयातल्या कारकुनांनी ते चालवून घेतले.